ओढ्याच्या वरच्या अंगाला बर्फ होता

काल सकाळी चहा टाकताना स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोंगराकडे नजर गेली आणि त्याच्या खांद्यावर बर्फ दिसला. गावात रात्रभर नुसता पाऊस होता. पण अर्ध्या डोंगरावर सुतळी ताणून आखावी तशी एक रेघ होती आणि त्या रेघेच्या वर तोच पाऊस पांढरा होऊन बसला होता. यंदाच्या हिवाळ्यातला हा पहिला. निखिल, माझा नवरा, लॅपटॉप काखेत धरून मागे येऊन उभा राहिला. "पडला बघ," तो म्हणाला. मी "हो" म्हटलं. मग चहा उतू जायला लागला म्हणून दोघंही गॅसकडे वळलो.

मागचा हिवाळा असा न सांगता खिडकीत येऊन उभा राहतो. तो मला ओळीने आठवत नाही. आधी ओल्या लोकरीचा वास येतो. मग मेंढ्यांच्या लेंड्यांचा, कुजक्या गवताचा, आणि ओढ्यातल्या दगडांचा तो वास, ज्याला गंज म्हणावं तर गंज नाही आणि माती म्हणावं तर माती नाही. मग बोटं आठवतात. हातमोजे घालूनसुद्धा टोकं पांढरी पडायची आणि त्यांना काही कळेनासं व्हायचं. सुई टोचली असती तरी कळलं नसतं. त्या वर्षी माझं आणि माझ्या बोटांचं चांगलं जमलं होतं.

आम्ही वॉटरफोर्डच्या अलीकडे, कॉमरा डोंगरांच्या पायथ्याशी एका लहानशा गावात राहतो. त्याआधी डब्लिनला होतो, सँडीफोर्डमध्ये, दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये. खिडकीखालून ट्राम जायची आणि समोरच्या काचेच्या इमारतीत माझं ऑफिस होतं. २०२०च्या मार्चमध्ये ते ऑफिस बंद झालं. घरूनच काम करायचं, तर ते कुठल्याही घरातून करता येईल, असा विचार करून त्या उन्हाळ्यात आम्ही इकडे आलो. भाडं निम्मं, मागे परस, परसाच्या भिंतीपलीकडे ओढा आणि ओढ्याच्या वर डोंगर.

आमच्याबरोबर बाबाही आले. बाबा म्हणजे माझे सासरे. यवतमाळचे. वीज मंडळातून निवृत्त झालेले, हिशेबाच्या टेबलावर आयुष्य काढलेले. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. फेब्रुवारीत ते तीन महिन्यांसाठी आले होते. बॅगेत घरचं तिखट, मुगवड्या आणि निखिलसाठी पाटोडीचा मसाला. मग विमानं बंद झाली. पुढे ती सुरू झाली तेव्हा घरात बाळाची चाहूल लागली होती आणि बाबा म्हणाले, "आता नातवंडाचं तोंड पाहूनच जातो."

माझं आणि बाबांचं बोलणं तोवर बेताचंच. चहा ठेवू का, भाजी कुठली करू, निखिलची मीटिंग संपली का. मी पुण्याची, पेठेतली. त्यांचं वऱ्हाडी मला पहिली दोन वर्षं नीट कळायचंही नाही. निखिलचं वऱ्हाडी पुण्यातल्या हॉस्टेलवर घासून घासून गेलं होतं, पण बाबांशी बोलताना ते परत यायचं आणि तेवढ्यापुरता तो मला दुसराच कुणी वाटायचा.

डिसेंबर उजाडत होता आणि मला पाचवा महिना होता. एका दुपारी पोटात दुखायला लागलं. निखिलने गाडी काढली. त्या दिवसांत हॉस्पिटलात पेशंटशिवाय कुणाला सोडत नसत, सगळीकडेच तसं होतं. तो पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिला. संध्याकाळ व्हायच्या आत सगळं संपलं होतं.

मग त्याला आत बोलावलं. मास्कच्या वर नुसते डोळे दिसत होते. नर्स आमच्याच वयाची होती. तिने अगदी हळू आवाजात त्याला विचारलं, बाळाला बघायचंय का. तो दारातच उभा होता. त्याने मान हलवली. नाही. नर्सने त्याच्या दंडाला हात लावला आणि म्हणाली, असू दे, काही हरकत नाही.

मी पाहिलं होतं. मुलगी होती.

पुढचं सगळं हॉस्पिटलनेच केलं. आम्ही दोघांनी नुसतं हो म्हटलं. घरी आलो तेव्हा बाबांनी खिचडी करून ठेवली होती. ती मी खाल्ली. चव आठवत नाही. गरम होती एवढं आठवतं.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल मला कुणी विचारलं तर काय सांगावं ते कळत नाही. दुःख झालं नाही म्हणणं खोटं. झालं म्हणणंही तितकंच खोटं. कान पाण्यात बुडवून बसल्यावर बाहेरचं जग जसं ऐकू येतं, तसं सगळं यायचं. आई रोज पुण्याहून फोन करायची. "झालं ते झालं, अनघा. तरुण आहात अजून. पुढचा विचार करा." मावशी म्हणाली, "नावसुद्धा ठेवलेलं नसतं गं. त्यात इतका जीव गुंतवू नये." मी सगळ्यांना हो म्हणायचे. इथल्या घरांत बॉयलरशेजारी कपडे उबदार राहायला एक कपाट असतं, त्याला हॉट प्रेस म्हणतात. त्यात मी विणलेली दोन टोपडी आणि एक दुपटं होतं. टॉवेल काढताना हात त्यांना लागायचा. मी टॉवेल काढून दार लावायचे.

निखिल दिवसभर वरच्या खोलीत असायचा. छतातून त्याचा आवाज यायचा, "माझी स्क्रीन दिसतेय का सगळ्यांना?" संध्याकाळी खाली यायचा, जेवायचा, भांडी घासायचा. आम्ही भांडलो नाही. एकमेकांना दुखवलंही नाही. एका घरात राहणारे दोन सभ्य भाडेकरू जसे वागतात तसे वागत होतो.

जानेवारीत डोंगर पांढरा झाला. मी रजेवर होते. एका दुपारी जेवणं झाल्यावर बाबा माकडटोपी, निखिलचं जुनं जॅकेट आणि आपला मफलर घालून दाराशी येऊन उभे राहिले.

"चालतं काय जरा?" ते म्हणाले.

"कुठे, बाबा?"

"कोठी नाही. असंच. पाय मोकळे होतील."

नाही म्हणायला काही कारण हवं होतं आणि मला ते शोधायचा कंटाळा आला. मी बूट घातले.

सरकारने पाच किलोमीटरची मर्यादा घातली होती. आम्हाला ती कधी आडवी आली नाही. परसामागच्या वाटेने गेलं की मेंढ्यांचं फाटक लागायचं, तिथे वाट संपायची. पुढे ओढ्याच्या काठाकाठाने, जमेल तसं. करड्या पडलेल्या नेच्यांतून, काटेरी झुडपांना वळसा घालून, स्पंजासारख्या दबणाऱ्या जमिनीवरून. पाऊल टाकलं की भोवती पाणी वर यायचं, उचललं की खाली जायचं. बाबांच्या बुटात पहिल्याच दिवशी पाणी शिरलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पायमोज्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या. चालताना चुरचुर आवाज यायचा. त्यांना डोंगराची काही सवय नव्हती. यवतमाळच्या उन्हात वाढलेला माणूस. दर थोड्या वेळाने थांबायचे, गुडघ्यांवर हात ठेवायचे, दम खायचे. मीही थांबायचे. बोलत नव्हतो. बोलावं असं वाटत नव्हतं आणि बोलायला हवं असंही वाटत नव्हतं. मग रोजच जायला लागलो.

फाटक ब्रीडाचं. ती पलीकडच्या शेतावर एकटी राहते, साठी उलटलेली, मेंढ्या पाळते. तिच्या कुंपणातून वर जायची तिची ना नव्हती, फाटक लावून घ्या, एवढंच तिचं म्हणणं. मला उन्हाळ्यापासून ओळखत होती. पोट दिसायला लागलं तेव्हा अंडी आणून दारात ठेवायची. जानेवारीतल्या त्या पहिल्या आठवड्यात ती फाटकापाशी चारा टाकत होती. मला पाहिलं, माझ्या जॅकेटखालच्या सपाट पोटाकडे पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं. हातातला चारा तिने खाली ठेवला. दोन मीटर लांब राहायचे दिवस. ती तिथूनच म्हणाली, "सॉरी फॉर युअर ट्रबल."

मी मान हलवली आणि पुढे गेले. बऱ्याच वर चढून गेल्यावर माझ्या लक्षात आलं की हे वाक्य इथे माणूस गेल्यावर म्हणतात. दफनाच्या वेळी, रांगेत उभं राहून, घरच्यांचा हात हातात घेऊन. एरवी नाही. इतक्या जणांचे फोन आले होते, इतक्या जणांनी धीर दिला होता. आमच्याकडे कुणीतरी गेलंय असं मात्र एकट्या ब्रीडाने म्हटलं होतं.

हे कळलं, तरी आत काही हललं नाही. मी ते नुसतं पाहिलं आणि चालत राहिले.

ओढ्यावर एक पक्षी होता. मुठीएवढा, गोल, तपकिरी, छातीला पांढराशुभ्र रुमाल बांधल्यासारखा. पाण्यातल्या दगडावर बसून तो उठाबशा काढायचा. एकदा आमच्यादेखत तो दगडावरून उतरला आणि सरळ पाण्यात चालत गेला. पोहत नाही, बुडी मारून नाही, पायऱ्या उतराव्यात तसा. वरून पाणी वाहत होतं आणि तो तळाशी दगड उलटेपालटे करत हिंडत होता. बाबा काठावर उकिडवे बसले.

"पाह्य," ते म्हणाले, "हा तं पाण्याखालून चालून रायला."

थोड्या अंतरावर तो बाहेर आला, अंग झटकलं आणि पुन्हा उठाबशा काढायला लागला. पंखांवर पाण्याचा थेंबही नव्हता. त्याचा मला थोडा हेवा वाटला. बऱ्याच दिवसांनी मला काहीतरी वाटलं होतं, ते एका पक्ष्याबद्दल.

पुढे रोज काही ना काही भेटायचं. चिखलात पाणमांजराच्या पंजांची रांग, दगडावर त्याने टाकलेले माशाचे खवले. एकदा कोल्हा, मेंढीच्या वाळक्या कातड्यापाशी, आमच्याकडे पाहून न घाबरता, न घाई करता निघून गेला. फेब्रुवारीत डबक्यांतून बेडकांची अंडी दिसायला लागली, भिजवलेल्या सब्जासारखी, काळे ठिपके असलेली. मी त्यांच्याकडे पाहायचं टाळायचे. बाबांच्या ते लक्षात आलं असावं, कारण ती डबकी आली की ते मुद्दाम माझ्या आणि डबक्यांच्या मधून चालायला लागले.

वर कड्यावर डोमकावळ्यांची जोडी होती. मोठे, काळेभोर, घशातून बोलणारे. एका दुपारी आम्ही दगडावर बसलो होतो. बाबांनी खिशातून फडक्यात बांधलेली दशमी काढली. डोमकावळा समोरच्या दगडावर उतरला, अगदी जवळ. बाबा त्याच्याकडे पाहत राहिले. दशमीचा तुकडा मोडलेला त्यांच्या हातात होता. हात थोडा पुढे गेला, थांबला. मला कळलं ते काय विचार करतायत. आमच्यात असल्या जिवाला दहावं नाही, तेरावं नाही. सुतकही धड नाही. कावळ्याने शिवावं असा पिंड नाही. त्यांनी तो तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"खा," ते म्हणाले.

मी खाल्ला. कावळा थोडा वेळ वाट पाहून उडून गेला.

फेब्रुवारीच्या मध्यावर पुन्हा बर्फ पडला. मग पाऊस आला, वारा आला आणि खालचा सगळा वितळला. मेंढ्यांची कुरणं हिरवी झाली. पण ओढ्याच्या अगदी वरच्या अंगाला, कड्याच्या पोटात जिथे ऊन पोचत नाही, तिथे एक लांबट पांढरा पट्टा राहिला. आमच्या परसातून तो दिसायचा. बाबा रोज सकाळी चहा घेऊन बाहेर जायचे आणि त्याच्याकडे पाहून यायचे.

"हाय अजून," ते सांगायचे.

महिना संपता संपता एक दिवस ते म्हणाले, "अनघा बेटा, खालून पाहून पाहून कंटाळलो. जन्मात कधी बर्फाले हात लावला नाही. फ्रिजमधला सोडून. चाल, आज तिथपर्यंत जाऊ."

फाटकापाशी ब्रीडा होती. बाबांकडे पाहून तिने मला विचारलं, "हाऊज हिमसेल्फ?" ती त्यांना नेहमी ‘हिमसेल्फ’च म्हणायची, इथे घरच्या कर्त्या माणसाला म्हणतात तसं. मी म्हटलं, त्यांना बर्फ बघायचाय. ती हसली. वरच्या अंगाला ससे दिसतील, म्हणाली. दुसऱ्या देशांतले डोंगरी ससे हिवाळ्यात पांढरे होतात, बर्फात दिसेनासे होतात. "आमचे नाही होत. आमचे आहेत तसेच राहतात." का, असं मी विचारलं. तिने खांदे उडवले. इथे बर्फ टिकतो कुठे इतका, म्हणाली.

आणि खरंच, त्या पट्ट्यापाशी पोचलो तर तिथे ससा होता. पांढऱ्या उतारावर एकटा, तांबूस तपकिरी, कान उभे. लपायला जागा नव्हती आणि तो लपायचा प्रयत्नही करत नव्हता. वाऱ्याने त्याच्या पाठीवरचे केस दुभंगत होते. आम्ही दोघं स्तब्ध उभे राहिलो. तो आमच्याकडे पाहत होता की पाहत नव्हता, सांगता येणार नाही. मग त्याने आपलं आपण ठरवलं आणि लांब ढांगा टाकत कड्याच्या बाजूला गेला. मागे ठसे राहिले.

संध्याकाळी मी हे आईला फोनवर सांगितलं असतं, तर ती म्हणाली असती, शुभ असतं हो, काहीतरी संकेत असेल. मला संकेत नको होता. ससा हवा होता आणि तो होता.

बाबांनी हातमोजा काढला आणि वाकून बर्फावर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. बर्फ ताजा, भुसभुशीत नव्हता, जुना होता, खडीसाखरेसारखा दाणेदार, वरून धुळीने मळलेला. "खरबरीत लागते," ते म्हणाले. मग ससा गेला होता त्या दिशेने ते ठशांवरून दोन पावलं पुढे गेले.

खाली ओढा होता. आम्हाला दिसत नव्हता, बर्फ त्याच्यावरून छपरासारखा गेला होता. आवाज येत होता, पण आवाज तर दिवसभर येतच होता. पापड मोडावा तसा आवाज झाला आणि बाबा कमरेपर्यंत आत गेले.

मी कशी धावले ते आठवत नाही. पोटावर पालथी पडून मी त्यांचा दंड धरला. त्यांचं तोंड माझ्या तोंडासमोर होतं, माकडटोपी तिरकी झालेली. पाणी फार नव्हतं, पण ओढ होती आणि दगड गुळगुळीत होते. "पाय टेकत नाही," ते म्हणाले. आवाजात घाबरटपणा नव्हता, माहिती दिल्यासारखे म्हणाले. मी ओढलं. जॅकेटची शिवण उसवल्याचा आवाज आला. पुन्हा ओढलं. बुटांची टोकं मागे दगडात अडकवली आणि माझ्या अंगात होतं नव्हतं ते सगळं हातांत आणलं. बाळंतपणात आणतात तसं, असं पुढे मनात आलं. तेव्हा काही मनात नव्हतं. ते बाहेर आले, आणि आम्ही दोघं बर्फावर धापा टाकत पडून राहिलो.

मग मी त्यांना कड्याच्या आडोशाला बसवलं. बूट काढले, पिशव्या काढल्या, पायमोजे पिळले. माझी लोकरीची टोपी एका पावलाला घातली, मफलर दुसऱ्याला गुंडाळला. पावलं निळसर झाली होती. मी ती मांडीवर घेऊन चोळायला लागले. एरवी सासऱ्यांच्या पायाला मी फक्त नमस्काराला हात लावलेला. ते माझ्या डोक्यावरून पलीकडे, खाली गावाकडे पाहत होते. थर्मासमधला चहा त्यांनी दोन्ही हातांत धरला होता.

"नाव ठेवलं होतं काय?" त्यांनी विचारलं.

मी चोळत राहिले. काय विचारतायत ते मला लगेच कळलं होतं. तीन महिन्यांत हे कुणीच विचारलं नव्हतं.

"ओवी," मी म्हटलं.

हा शब्द मी मोठ्याने पहिल्यांदाच उच्चारत होते. हॉस्पिटलात, निखिल यायच्या आधी, नर्सने तिला माझ्या हातात दिलं तेव्हा मनातल्या मनात ठेवला होता. तो तोंडाबाहेर आल्यावर अगदी साधा वाटला, शेजारच्या घरातल्या कुठल्याही मुलीचा असावा तसा.

"ओवी," बाबा म्हणाले. चहाचा घोट घेतला. "माही माय म्हणे जात्यावर. चांगलं हाय."

"हो."

"ओवी," ते पुन्हा म्हणाले, लक्षात ठेवायला म्हणतात तसं.

एवढंच. मला रडू आलं नाही. त्यांच्या पायांत हळूहळू ऊब यायला लागली होती, ती माझ्या तळव्यांना कळत होती.

आम्ही सावकाश उतरलो. त्यांचा एक पाय मुरगळला होता, त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. घरी पोचल्यावर गरम पाण्याची बादली, हळदीचं दूध, निखिलची धावपळ. जेवायला बसलो तेव्हा तो चिडला होता. घाबरला की तो चिडतो.

"या वयात कशाला जायचं तिकडे, बाबा? आणि तूही घेऊन गेलीस? पाय मोडला असता, तिथेच पडले असते तर? फोनला रेंज नाही तिथे."

बाबा वरणभात कालवत होते. "मोडला तं नाही ना," ते शांतपणे म्हणाले. "अन् ओवीची माय होती संगं. लय तगडी हाय थे. ओढून काढलं मले."

निखिलचा घास हातातच राहिला. "कुणाची माय?"

बाबांनी भाताचा घास घेतला, नीट चावला, लिंबाची फोड पिळली. आपलं काम झालंय आणि आता पुढचं ज्याचं त्याने पाहावं, असे ते जेवत होते. निखिलने माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहत होते.

जेवण झाल्यावर तो भांडी घासायला उभा राहिला. मी पुसायला. बाबा वर झोपायला गेले. एकच ताट तो फार वेळ घासत होता.

"नाव होतं?" त्याने पाठ न वळवता विचारलं.

"हो."

"मला सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस," मी म्हटलं. त्यात राग नव्हता. खरं होतं ते सांगितलं.

त्याने नळ बंद केला. "मला भीती वाटली," तो म्हणाला. "त्या दिवशी. बघितलं तर ती खरी होईल असं वाटलं. मग वाटलं, आता विचारायचा मला हक्क नाही."

मी हातातलं ताट पुसून मांडणीत ठेवलं. मग दुसरं ताट घेतलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. बाबांनी पाय उशीवर ठेवून जाहीर केलं की आज ते कुठेही जाणार नाहीत. "तुमीच जाऊन या," ते म्हणाले, आणि मोबाइलवर मराठी बातम्या लावून बसले. पुढे एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, त्याच बातम्या ते रात्री उशिरापर्यंत पाहत बसायचे. गावाकडे एकेक ओळखीचं माणूस जात होतं, त्यांचं जाणं पुन्हा लांबलं. ऑक्टोबरमध्ये ते परतले. आता यवतमाळहून रविवारी फोन करतात, आणि पहिला प्रश्न हवेचा असतो.

पण तो शनिवार. निखिल त्या वाटेने पहिल्यांदाच येत होता. दोन महिने त्याने आम्हाला वरच्या खिडकीतून जाताना पाहिलं होतं, हे मला तेव्हा कळलं. काठ कुठे दबतो, कुठल्या दगडावर पाय ठेवायचा, हे मी त्याला दाखवत होते. पक्षी पाण्यात शिरलेला त्याने पाहिला आणि तो थांबला. बेडकांच्या अंड्यांच्या डबक्यापाशी मी थांबले. त्या दिवशी मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. बरीचशी पांढुरकी पडली होती, गोठून गेलेली. काही ठिपके लांबट झाले होते.

वर बर्फात ते भोक तसंच होतं. कडा वितळून मोठ्या झालेल्या, आणि आत खोल, काळं, वाहतं पाणी. ढगातून थोडं ऊन आलं होतं. निखिल त्या भोकाच्या जरा अलीकडे खाली बसला. मी त्याच्या शेजारी बसले. आमच्या जॅकेटांच्या बाह्या एकमेकींना घासत होत्या.

तो म्हणाला, "कशी होती?"

मी सांगितलं. खूप लहान होती, माझ्या दोन्ही तळव्यांत मावेल एवढी. कातडी गुलाबी, पातळ, आतल्या शिरा दिसतील अशी. बोटं लांब, ती माझ्या आईची. नाक तुझं. अगदी तुझं, टोकाला जरा बसकं. आणि कपाळावर एक बारीक आठी, तुला मीटिंगमध्ये पडते तशी, कुणाचं तरी पटत नसल्यासारखी.

तो ऐकत होता. खाली पाणी वाहत होतं. माझी बोटं बधिर झाली होती आणि डोळे कोरडे होते. त्याचेही कोरडे होते. आमच्यापैकी कुणीच कुणाला जवळ घेतलं नाही.

"परत सांग," तो म्हणाला.

मी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.